हेन्री मॉन्टगोमेरी : ५८ वर्षांची शिक्षा आणि पॅरोल मंडळापुढचा प्रश्न

फेब्रुवारी २०१८ मध्ये लुइझियाना राज्याच्या पॅरोल मंडळातल्या तिघांसमोर एक ७१ वर्षांचा कैदी व्हिडिओच्या पडद्यावरून हजर झाला. नाव हेन्री मॉन्टगोमेरी. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा निकाल दिला होता. त्या निकालामुळे अल्पवयात केलेल्या खुनासाठी मरेपर्यंत तुरुंगात टाकलेल्या कैद्यांना देशभर सुटकेची वाट मोकळी झाली आणि कित्येक जण घरी गेलेही. ज्यांच्या नावाने हे घडले ते मॉन्टगोमेरी मात्र लुइझियानातल्या अंगोला नावाच्या तुरुंगातच होते. मंडळाने त्यांचा अर्ज दोन विरुद्ध एक मताने फेटाळला. कारण असे दिले की त्यांनी तुरुंगातले सुधारणा-वर्ग पुरेसे केलेले नाहीत.

या प्रकरणावर सविस्तर लिहावेसे वाटले ते या कारणामुळेच. सतराव्या वर्षी खून केलेल्या माणसाला चोपन्न वर्षांनी सोडावे की नाही, हा साधा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर ‘नाही’ असू शकते, आणि ते प्रामाणिकपणे देताही येते. मंडळाने मात्र त्या प्रश्नाला हातच घातला नाही. वर्गांची हजेरी तपासली आणि नकार दिला. शिक्षा कशासाठी दिली होती हे एकदाही न ठरवता माणसाला अर्धे शतक कोंडून ठेवता येते, हे या प्रकरणातून जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कुठल्या प्रकरणातून मला दिसलेले नाही.

एक खुलासा आधीच करून ठेवतो. महाराष्ट्रात आपण पॅरोल म्हणतो ती अभिवचन रजा. घरात मृत्यू, आजारपण, लग्न असे काही कारण असले की कैदी ठराविक दिवस बाहेर येतो आणि परत जातो. फर्लो म्हणजे संचित रजाही तशीच, परतीच्या अटीची. अमेरिकेतल्या पॅरोलवर गेलेला कैदी परत येत नाही. शिक्षा संपण्याआधीच त्याला सोडतात आणि उरलेली शिक्षा तो देखरेखीखाली बाहेर भोगतो. अटी मोडल्या तर पुन्हा आत. त्यामुळे तिथल्या पॅरोल मंडळाच्या हाती खरे तर शिक्षेची लांबीच असते.

१३ नोव्हेंबर १९६३

त्या दिवशी लुइझियानातल्या ईस्ट बॅटन रूज परगण्यात सतरा वर्षांचा हेन्री शाळा चुकवून भटकत होता. साध्या वेशातले डेप्युटी शेरीफ चार्ल्स हर्ट यांनी त्याला हटकले. हेन्रीजवळ पिस्तूल होते. त्याने गोळी झाडली आणि हर्ट यांचा मृत्यू झाला. मागे पत्नी आणि तीन मुले राहिली.

मुलगा कृष्णवर्णीय, मारला गेलेला अधिकारी गोरा, ठिकाण दक्षिणेतले, आणि नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात आलेली. खटला कसा चालला असेल हे वेगळे सांगायला नको. हेन्रीला मृत्युदंड सुनावला गेला. १९६६ मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानेच तो निकाल रद्द केला. खटल्याच्या वेळी लोकांत इतका पूर्वग्रह आणि क्षोभ होता की आरोपीला न्याय्य सुनावणी मिळाली असे म्हणता येत नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. १९६६ मधले दक्षिणेतले एक राज्य न्यायालय, पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाच्या खटल्यात, हे म्हणते यावरून पहिल्या खटल्याची कल्पना यावी.

दुसरा खटला १९६९ मध्ये चालला. ज्युरीने ‘दोषी, मृत्युदंड नको’ असा निर्णय दिला, आणि राज्याच्या कायद्यानुसार त्या निर्णयातून पॅरोलविना जन्मठेप आपोआप लागू झाली. न्यायाधीशांना वेगळे काही ठरवण्याची मुभाच नव्हती. त्यामुळे हेन्री किती वर्षांचा आहे, कशा घरातून आला आहे, त्या क्षणी घाबरला होता का, पुढे हा मुलगा बदलू शकेल का, यातले काहीही कोर्टापुढे मांडायची वेळच आली नाही. शिक्षेवर एक दिवसाचीही सुनावणी झाली नाही. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे. ज्या टप्प्यावर ‘ही शिक्षा कशासाठी’ हे कोणीतरी बोलून दाखवायला हवे होते, तो टप्पा कायद्यानेच गाळून टाकला होता.

अंगोला

लुइझियाना स्टेट पेनिटेन्शरी या तुरुंगाला सगळे अंगोलाच म्हणतात. १८,००० एकरांचे हे आवार पूर्वी गुलामांच्या श्रमावर चालणारे शेत होते, आणि तिथले गुलाम आफ्रिकेच्या ज्या भागातून आणले जात त्याचे नाव त्या जागेला चिकटले. तीन बाजूंनी मिसिसिपी नदी वाहते. कैदी आजही तिथल्या शेतांत राबतात. १९५१ मध्ये तिथल्या छळाच्या निषेधार्थ कैद्यांच्या एका गटाने स्वतःच्या टाचांच्या शिरा कापून घेतल्या होत्या. साठ-सत्तरच्या दशकांत हा देशातल्या सर्वांत हिंसक तुरुंगांपैकी एक मानला जाई. हेन्री त्या काळात तिथे वाढला, कारण विशीत पाऊल टाकणाऱ्या मुलासाठी तुरुंगातली वर्षे वाढीचीच वर्षे असतात.

तिथे त्याने काय केले, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. तुरुंगात मुष्टियुद्धाचा संघ उभा करायला त्याने मदत केली आणि पुढे त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. छपाईच्या, म्हणजे सिल्कस्क्रीनच्या विभागात काम केले. इतर कैद्यांना वळण लावले. हे मॉन्टगोमेरींनी स्वतःबद्दल केलेले दावे होते आणि न्यायालयाने ते दावे म्हणूनच नोंदवले. खरे-खोटे करण्याची ती जागा नव्हती. २०१७ मध्ये मात्र जिल्हा न्यायाधीशांनी त्यांना आदर्श कैदी म्हटले आणि त्यांच्यात सुधारणा झालेली दिसते असेही सांगितले.

अंगोलात जन्मठेपेचा अर्थ पूर्वी आजच्यासारखा नव्हता, हे सांगायला हवे. १९२० च्या दशकापासून लुइझियानात ‘दहा-सहा’ नावाची रीत होती. जन्मठेपेच्या कैद्याने दहा वर्षे आणि सहा महिने नीट काढले, तुरुंगाधिकाऱ्याने शिफारस केली आणि गव्हर्नरने सही केली, की तो घरी जाई. न्यायाधीश, वकील, कैदी, कैद्याची आई, सगळ्यांना हे ठाऊक असे, आणि आरोपी गुन्हा कबूल करताना तेच गृहीत धरत. सत्तरच्या दशकात विधिमंडळाने ही रीत बंद केली. मुदत आधी वीस वर्षांवर गेली, मग चाळीस, आणि दशक संपेपर्यंत लुइझियानात जन्मठेप म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत तुरुंग असा अर्थ पक्का झाला. मॉन्टगोमेरींना दहा-सहाचा लाभ मिळाला नाही आणि नंतर ती वाटच राहिली नाही.

हा बदल एकट्या लुइझियानाचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकी तुरुंगव्यवस्था निदान तोंडाने तरी सुधारणेची भाषा बोलत आली होती. १८७० मध्ये सिनसिनाटीला भरलेल्या तुरुंग परिषदेने सुधारणा हेच ध्येय म्हणून जाहीर केले. १८७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेल्या एल्मायरा सुधारगृहात वर्तनावरून सुटका ठरवायची पद्धत आली आणि पॅरोलचे अमेरिकी रूप त्यातून घडत गेले. १९४९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘विल्यम्स विरुद्ध न्यूयॉर्क’ खटल्यात म्हटले की सूड हे आता फौजदारी कायद्याचे मुख्य उद्दिष्ट उरलेले नाही, गुन्हेगाराची सुधारणा हे महत्त्वाचे ध्येय झाले आहे. त्याच निकालाने एका न्यायाधीशाने दिलेला मृत्युदंड कायम केला, तोही ज्युरीने जन्मठेपेची शिफारस केलेली असताना. हे वाचून अस्वस्थ व्हायला होते.

मग १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांनी तुरुंगातल्या सुधारणा-उपक्रमांचा आढावा प्रसिद्ध केला. त्याचा सारांश लोकांनी ‘काहीच उपयोगाचे नाही’ असा काढला. काही वर्षांनी मार्टिन्सन यांनीच त्या निष्कर्षाला मुरड घातली, पण तोवर राजकारण पुढे निघून गेले होते. या वादात डावे आणि उजवे दोघेही पॅरोलवर तुटून पडले होते. डाव्यांना पॅरोल मंडळे लहरी आणि वर्णभेदी वाटत, उजव्यांना ती मवाळ वाटत. मेन राज्याने १९७६ मध्ये पॅरोल बंद केला. केंद्राने १९८४ च्या कायद्याने १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या केंद्रीय गुन्ह्यांसाठी तो संपवला, आणि त्याच कायद्यात न्यायाधीशांना स्पष्ट सांगितले की सुधारणा घडवण्याचे साधन म्हणून तुरुंगवास योग्य नाही, हे लक्षात घ्या. सुधारणेच्या नावाने उभ्या राहिलेल्या व्यवस्थेने सुधारणेवरचा विश्वास कायद्याच्या कलमात मागे घेतला. अंगोलात बसलेल्या माणसाची शिक्षा तीच राहिली, तिच्यामागचे कारण तेवढे बदलून गेले.

वयाचा प्रश्न कोर्टात

पुढचा भाग कायद्याचा आहे, तो थोडक्यात सांगतो. २००५ मध्ये ‘रोपर विरुद्ध सिमन्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील गुन्हेगारांचा मृत्युदंड घटनाबाह्य ठरवला. मुले अविचारी असतात, इतरांच्या दबावाला लवकर बळी पडतात, आणि त्यांचा स्वभाव अजून घट्ट झालेला नसतो, या तीन गोष्टींवर तो निकाल उभा आहे. २०१० मध्ये ‘ग्रॅहम विरुद्ध फ्लोरिडा’ने खून सोडून इतर गुन्ह्यांत मुलांना पॅरोलविना जन्मठेप देणे बंद केले. २५ जून २०१२ रोजी ‘मिलर विरुद्ध अलाबामा’त पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की खुनाच्या गुन्ह्यातही मुलाला अशी जन्मठेप आपोआप लागू करता येणार नाही, न्यायाधीशाने त्याचे वय आणि परिस्थिती पाहिलीच पाहिजे. तेव्हा २८ राज्यांत आणि केंद्राच्या कायद्यात ही आपोआप लागू होणारी शिक्षा होती आणि दोन हजारांहून अधिक माणसे ती भोगत होती.

मॉन्टगोमेरी तेव्हा ६६ वर्षांचे होते. मिलरचा निकाल आपल्यालाही लागू करा, असा त्यांचा अर्ज होता. लुइझियानाचे म्हणणे होते की नवा नियम पुढच्या खटल्यांसाठी आहे, १९६९ च्या शिक्षेला तो लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जानेवारी २०१६ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी राज्याचे म्हणणे फेटाळले. न्या. अँथनी केनेडी यांनी लिहिले की ज्यांचा गुन्हा वयाच्या कोवळेपणातून घडला त्यांना आयुष्यभर कोंडणे ही घटनेच्या मर्यादेबाहेरची शिक्षा आहे, आणि ती जुनी असली तरी मर्यादेबाहेरचीच राहते. पण दोन हजार खटले पुन्हा चालवायचे कसे? त्यावर केनेडींनी राज्यांना सोपी वाट दाखवली. नव्याने शिक्षा ठरवण्याची गरज नाही, या कैद्यांना पॅरोलसाठी अर्ज करू द्या, तेवढे पुरे.

या तोडग्याने सगळे ओझे पॅरोल मंडळावर जाऊन पडले. केनेडींचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, पण प्रकरण इथेच वाकडे वळण घेते. न्यायालयाने आधी म्हटले की हा मुलगा सुधारण्यापलीकडचा होता का, हा घटनेचा प्रश्न आहे. मग त्याचे उत्तर अशा मंडळाकडे सोपवले जिथे कैद्याला घटनेने दिलेला कुठलाही ठोस हक्क नाही. पॅरोल मिळण्याचा हक्क घटना देत नाही, हे याच न्यायालयाने १९७९ मध्ये ‘ग्रीनहोल्ट्झ’ प्रकरणात सांगून ठेवले होते.

न्या. अँटोनिन स्कॅलिया यांनी विरोधी मत लिहिले. त्यांचा रोख मला पटत नाही, पण एका मुद्द्यावर त्यांनी नेमके बोट ठेवले होते. १९६३ मधला सतरा वर्षांचा मुलगा तेव्हा सुधारण्यापलीकडचा होता की नव्हता, हे अर्ध्या शतकानंतर ठरवायचे कसे? साक्षीदार नाहीत, तेव्हाच्या मनाचा ठाव घेणारा कुठला पुरावा नाही. हा प्रश्न सोडवता येणार नाही असे त्यांचे म्हणणे होते, आणि तो सोडवायचा प्रयत्न कोणी केलाही नाही. मंडळापुढे गेल्यावर तो बाजूला पडला आणि त्याची जागा मोजता येण्याजोग्या एका गोष्टीने घेतली.

तीन सुनावण्या

२०१७ मध्ये लुइझियानाने कायदा केला की अशा कैद्यांना २५ वर्षे भोगल्यावर पॅरोलसाठी उभे राहता येईल, काही अटींवर. अटींत सुधारणा-वर्गांचे ठराविक तास होते, शिक्षणाची अट होती, शिस्तभंग नसल्याची अट होती. त्याच वर्षी जूनमध्ये न्यायाधीशांनी मॉन्टगोमेरींची शिक्षा बदलून पॅरोलसह जन्मठेप केली. तेव्हा त्यांनी किमान २५ च्या दुपटीहून जास्त वर्षे काढलेली होती. सुटकेसाठी तिघा सदस्यांचे एकमत लागत होते. म्हणजे एकाने जरी ‘नाही’ म्हटले तरी अर्ज फेटाळला जाणार.

पहिल्या सुनावणीत दोघांनी ‘नाही’ म्हटले. एप्रिल २०१९ मध्ये दुसरी सुनावणी झाली, तेव्हा मॉन्टगोमेरी ७२ वर्षांचे होते. मधल्या काळात त्यांनी आणखी वर्ग केले होते. या वेळी दोन सदस्य अनुकूल होते, तिसऱ्याने पुन्हा तेच सांगितले की अजून वर्ग करायला हवेत. अर्ज फेटाळला गेला.

वर्गांबद्दल त्यांच्या वकिलांचे म्हणणे असे होते की पहिली काही दशके अंगोलात असे वर्ग नव्हतेच, आणि जे पुढे सुरू झाले त्यांत जन्मठेपेच्या कैद्यांना जागा मिळत नसे. हे समजायला अवघड नाही. ज्याची सुटकेची तारीख जवळ आली आहे त्याला बाहेरच्या जगासाठी तयार करायचे म्हणून हे वर्ग असतात. ज्याला कधी बाहेर पडायचेच नाही त्याच्यावर जागा कोण खर्च करील? राज्याने पन्नास वर्षे या माणसाला मरेपर्यंत इथेच राहणारा म्हणून वागवले. मग एका निकालाने त्याला उमेदवार केले आणि त्याच्याकडे अशी प्रमाणपत्रे मागितली जी मिळवण्याची सोयच राज्याने केलेली नव्हती.

पण वर्गांची अडचण इतकीच नाही. समजा, मॉन्टगोमेरींनी १९७० पासून दरवर्षी एक वर्ग केला असता. रागावर ताबा, व्यसनमुक्ती, पालकत्व, सगळे. त्यावरून ७२ वर्षांच्या माणसाबद्दल काय कळले असते? ज्या गोष्टी खरोखर कळण्यासारख्या होत्या त्या समोर होत्या : पाच दशकांचे वर्तन, ज्या कैद्यांना त्यांनी हाताखाली शिकवले त्यांचा अनुभव, ज्या अधिकाऱ्यांनी त्यांना रोज पाहिले त्यांचे मत, आणि वय. हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण वयानुसार ओसरत जाते, हे गुन्हेशास्त्रातल्या सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी आहे. फिलाडेल्फियात मॉन्टगोमेरी निकालानंतर सुटलेल्या १७४ अशा कैद्यांचा पाठपुरावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दोघांवरच नवा गुन्हा सिद्ध झाला होता. मंडळाला धोक्याचा अंदाज घ्यायचा होता तर साधन हाताशी होते.

मला वाटते मंडळातल्या त्या सदस्यांना धोक्याची भीती नव्हतीच. एका पोलीस अधिकाऱ्याचा खून झाला होता, त्यांचे कुटुंब विरोधात उभे होते, आणि ‘त्याने भोगले ते पुरे झाले’ हे वाक्य उच्चारणे कठीण होते. नकाराचे खरे कारण ते होते, असा माझा तर्क आहे. ते उघड सांगितले असते तर त्याच्याशी वाद तरी घालता आला असता. ‘या गुन्ह्यासाठी ५४ वर्षे कमी आहेत’ असे कोणी म्हटले, तर मग किती पुरेशी हे त्याला सांगावे लागते. ‘आणखी वर्ग करा’ म्हटले की काहीच सांगावे लागत नाही.

हर्ट यांचे कुटुंब

हर्ट यांच्या मुलांनी बाप गमावला तेव्हा ती लहान होती. त्यांच्या एका मुलीने अंगोलात जाऊन मॉन्टगोमेरींची भेट घेतली आणि क्षमा केल्याचे सांगितले. कुटुंबाचा सुटकेला विरोध मात्र राहिला. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. क्षमा ही त्या मुलीची गोष्ट आहे, तिच्या मनातली. शिक्षा ही राज्याची गोष्ट आहे. मी क्षमा केली म्हणून तुम्ही सोडा, असे तिने म्हणायला हवे, हा आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. शिक्षेची लांबी कुटुंबाच्या दुःखावरून ठरवायची म्हटली तर ती कधी संपणारच नाही, कारण ते दुःख संपत नाही. शिवाय दर दोन वर्षांनी मंडळापुढे यायचे, तोच दिवस पुन्हा सांगायचा, आणि निकाल वर्गांच्या हिशेबावर लागलेला ऐकायचा, यात त्या कुटुंबाला काय मिळाले? १९६९ मध्येच एखाद्या न्यायाधीशाने हर्ट कुटुंबाला समोर बसवून, मुलाचे वय पाहून, ‘तीस वर्षे, आणि का तीस ते ऐका’ असे सांगितले असते, तर ते दोन्ही बाजूंना अधिक प्रामाणिक ठरले असते. मुदत कोणाला आवडली नसती. पण ती मुदत राहिली असती.

इथे मला पुण्याच्या राठी हत्याकांडाची आठवण होते. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली होती. पुणेकरांच्या एका पिढीला तो दिवस विसरता आलेला नाही. मृत्युदंड झालेल्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि २८ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढलेल्या त्या माणसाची नागपूरच्या कारागृहातून सुटका झाली. अमेरिका मागासलेली आणि आपण पुढारलेले, असे काही यातून निघत नाही. आपल्याकडे एका मुलाचे वय ठरायला तीन दशके लागली. फरक कायद्यात आहे. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम २१ सांगते की कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाला मृत्युदंड किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही हेच आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याला अजून मान्यता न दिलेला संयुक्त राष्ट्रांचा एकमेव सदस्य देश अमेरिका आहे. त्यामुळे राठी प्रकरणात वय सिद्ध होताच निर्णय ठरलेला होता. मॉन्टगोमेरींच्या वयाबद्दल कधी वादच नव्हता, तरी त्याचे काय करायचे हे ठरवायला पाच वर्षे आणि तीन सुनावण्या गेल्या.

१७ नोव्हेंबर २०२१

तिसऱ्या सुनावणीआधी सर्वोच्च न्यायालयाचे वारे फिरले होते. २२ एप्रिल २०२१ रोजी ‘जोन्स विरुद्ध मिसिसिपी’त सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले की मुलाला पॅरोलविना जन्मठेप देताना तो सुधारण्यापलीकडचा आहे असा वेगळा निष्कर्ष काढण्याची गरज नाही. न्यायाधीशाला पर्याय होता आणि त्याने वय लक्षात घेतले, एवढे पुरे. मॉन्टगोमेरी निकाल रद्द झाला नाही, पण त्याच्यातला जीव बराच काढून घेतला गेला. न्या. सोनिया सोटोमायोर यांच्या विरोधी मतात हीच तक्रार आहे.

नोव्हेंबरच्या सुनावणीत तिन्ही सदस्यांनी होकार दिला. त्याच दिवशी ७५ वर्षांचे मॉन्टगोमेरी अंगोलातून बाहेर पडले. त्यांना सांभाळून घेतले ते ‘लुइझियाना पॅरोल प्रोजेक्ट’ या संस्थेने. तिचे संस्थापक अँड्र्यू हंडली हेही अल्पवयात जन्मठेप झालेले, आणि मॉन्टगोमेरी निकालामुळे लुइझियानात सर्वांत आधी सुटलेल्यांपैकी. एकाच्या नावाचा निकाल दुसऱ्याला २०१६ मध्ये बाहेर घेऊन आला, आणि त्याने पाच वर्षांनी पहिल्याला आधार दिला. या सबंध प्रकरणात राज्याने सुधारणेसाठी जे केले त्याहून कैद्यांनी एकमेकांसाठी जास्त केले, असे मला यावरून वाटते.

पॅरोलवर सुटणे म्हणजे मोकळे होणे नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. जन्मठेपेवर पॅरोल मिळाला की देखरेख साधारणपणे आयुष्यभर चालते. पेनसिल्व्हेनियातल्या जो लिगन यांनी याच कारणासाठी पॅरोल नाकारला होता. १९५३ मध्ये, पंधराव्या वर्षी ते आत गेले होते. मला देखरेख नको, शिक्षा पुरी झाली असे म्हणा, हा त्यांचा हट्ट होता, आणि तो मान्य होऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये ते ८३ व्या वर्षी बाहेर आले, ६८ वर्षांनी. काहींना तो आडमुठेपणा वाटला. मला तो या विषयातला सर्वांत स्वच्छ युक्तिवाद वाटतो. पॅरोल ही राज्याची मेहेरबानी आहे आणि शिक्षा संपणे ही राज्याने दिलेली कबुली आहे. लिगन यांना कबुली हवी होती.

लुइझियानात आज

फेब्रुवारी २०२४ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाचे गुन्हेगारीवरचे विशेष अधिवेशन भरले. गव्हर्नर जेफ लँड्री यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यांनी १ ऑगस्ट २०२४ नंतरच्या गुन्ह्यांसाठी, मोजके अपवाद सोडून, पॅरोलच बंद केला. चांगल्या वर्तनाची सूटही इतकी कमी केली की मुदतीच्या शिक्षेतला ८५ टक्के काळ आत काढावाच लागेल. पीडितांना शिक्षेची खात्री हवी, न्यायाधीशाने सुनावलेली मुदत खरी ठरायला हवी, असे समर्थन त्यामागे होते. हे समर्थन पोकळ नाही. मॉन्टगोमेरी प्रकरण वाचल्यावर मंडळाच्या हाती मुदत सोपवण्यातला धोका मलाही दिसतो.

पण ठरलेली मुदत प्रामाणिक व्हायची असेल तर ती ठरवणाऱ्याने माणसाकडे पाहून ठरवायला हवी. लुइझियानात खुनाच्या गंभीर गुन्ह्याला सज्ञान माणसासाठी जन्मठेप आजही आपोआप लागते, १९६९ मध्ये लागली होती तशीच. आता उद्या अठरा वर्षे आणि एक दिवसाच्या मुलाच्या हातून त्या राज्यात खून झाला, तर शिक्षा सुनावताना त्याचे वय कोणी विचारात घेणार नाही आणि चाळीस-पन्नास वर्षांनी त्याचा बदल तपासायला मंडळही बसणार नाही. उरतो तो माफीचा अर्ज, ज्याचा शेवट गव्हर्नरच्या सहीवर होतो.